बाहुलीचा जीव

घरात डॉक्टर एकच, थोरला मुलगा. धाकटी सून नर्स असून सिम्युलेशनमध्ये एम.एस्सी. करत होती, म्हणजे काय, हे सासूबाई शेजारणींना दोन शब्दांत सांगत, "बाहुल्या खेळते."

खेळ असा, की रबरी कातडीची बाहुली टेबलावर. तिला नाडी, श्वास, खोकला सगळं. सून काचेआड बसून कॉम्प्युटरवरून तिला आजारी पाडायची, आणि समोरच्या डॉक्टरनं योग्य उपाय केला तरच बरी करायची.

मग थोरल्याच्या हातून एक पेशंट दगावला. थोरला भूलतज्ज्ञ. हॉस्पिटलनं बजावलं, आधी बाहुलीवर परीक्षा, मग ऑपरेशन थिएटर. बाहुली चालवायची पाळी नेमकी सुनेची. तिचं आडनाव माहेरचंच, त्यामुळे कॉलेजच्या मॅडमना नात्याचा पत्ता नव्हता. सासूबाईंना होता. त्यांच्या पित्ताशयातले खडेही मुलाच्या परतण्याची वाट बघत होते. परक्याच्या हातून भूल घ्यायची नाही, हा त्यांचा हट्ट. बाहुलीच ती, मेली काय नि जगली काय, असं त्यांनी जेवताना सुनेला ऐकवलं.

थोरला रुबाबात आत आला. भूल दिली, घशात नळी घालू लागला. नळी जाईना. अशा वेळी नळी सोडून मास्कनं श्वास द्यायचा आणि मदत बोलवायची, हे शिकाऊसुद्धा जाणतो. यानं नळीच पुन्हा रेटली. मग पुन्हा. शेजारची नर्स मास्क धरून उभी. तिच्याकडे त्यानं पाहिलंही नाही. ऑक्सिजन उतरत चालला. तो पेशंट कसा गेला असेल, हे सुनेला काचेआडून दिसलं.

तरी तिनं बाहुलीचा घसा सैल केला. नळी सरकली. परीक्षकांनी उशिराचे गुण कापले, पण पेशंट वाचला म्हणून पास केलं.

घरी पेढा नाही वाटला एवढंच. सासूबाईंनी त्याच दिवशी ऑपरेशनची तारीख घेतली.

त्या हॉस्पिटलची पिशवी भरत होत्या, तेव्हा सून त्यांच्याजवळ बसली. "आई, भाऊजी पास झाले नाहीत. मी केले."

"मग उपकार सांगायला आलीस?"

"तुमची मान आखूड आहे. नळी अडणार. भाऊजी ती सोडत नाहीत."

म्हातारीनं टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली. "तू आत उभी राहा. तेव्हा सांभाळलंस तसं सांभाळ."

"तिथे माझ्या हातात काही नसतं, आई."

हिशेबात सासूबाई पक्क्या. बोललीस तर त्याची नोकरी जाईल, तुझी डिग्री जाईल. गप्प राहिलीस तर फार तर माझा एक जुना जीव जाईल, असं त्यांनी शांतपणे समजावलं. सुनेनं त्यांच्यासमोरच मॅडमना फोन लावला.

भूल दुसऱ्याच डॉक्टरनं दिली. नळी अडली, त्यानं ती लगेच सोडली, मास्क धरला, मदत बोलावली. शुद्धीवर येताच सासूबाईंनी थोरल्याबद्दल विचारलं. तो आला नव्हता. कॉलेजनं नाव कमी केलेली सून उशाशी पाणी घेऊन उभी होती. म्हातारीनं ओठ मिटून घेतले, आणि पाण्यासाठी वॉर्डातल्या नर्सला खुणेनं बोलावलं.