गुळगुळीत काकांचं कोपर

गुळगुळीत काकांचा वस्तरा इतका हलका चालायचा, की एकदा एक गिऱ्हाईक दाढी झाल्यावरही घोरत पडलं आणि जागं होईस्तोवर त्याला पुन्हा खुंट फुटले. खोटं वाटत असेल तर दुकानातल्या आरशाला विचारा.

त्या आरशाखाली काकांचा मोबाइल साबणाच्या डबीला टेकून उभा असे. हात कायम फेसात, म्हणून नको असलेला व्हिडिओ काका कोपराने वर सरकवत. हल्ली त्यावर नुसते गालिचे धुतले जात. मळका गालिचा, पाणी, ब्रश, लख्ख गालिचा; की लगेच दुसरा मळका. बघूनच गिऱ्हाइकाला अंघोळ झाल्यासारखं वाटे.

त्या सकाळी निवृत्त पोस्टमास्तर फेसाळल्या गालांनी खुर्चीत बसले होते, तेवढ्यात काकांची लेक निरोप घ्यायला आली. ती दोराला लटकून उंच इमारतींच्या काचा पुसायची, टोपीवरच्या कॅमेऱ्याने त्याचे व्हिडिओ टाकायची, आणि आज दूरच्या शहरात कामाला निघाली होती.

"बाबा, माझे व्हिडिओ दिसतात तुला?"

"नाही गं चिमणे. इथे गालिचेच गालिचे."

"समोरच्या चष्मेवाल्याला दिसतात. त्याच्या सासूला दिसतात. आणि माझ्या जन्मदात्याला गालिचे!"

"मग दे की शोधून."

"शोधून कशाला? ज्याला ज्याची आवड, त्याला ते आपोआप येतं. म्हणजे तुला माझी..." पुढचं तिने गिळलं, बॅग उचलली आणि चालती झाली.

काकांच्या हातून आजवर कुणाला साधा ओरखडा आला नव्हता. त्यांना मात्र हे चांगलंच कापून गेलं. या डबड्याला सांगितलं कुणी, की बापाला लेकीची आवड नाही?

"मास्तर, कुणाला काय धाडायचं हे ठरवतं तरी कसं हो?"

"आमच्या वेळी पाकिटावर पत्ता असायचा," मास्तर फेसातून बोलले. "हा पोस्टमन घेणाऱ्याचं तोंड बघतो. दोनदा पाकीट परत केलंत, की तुमच्या दाराशी फिरकत नाही."

"मी कुठे काय परत केलं?"

काकांनी हात पुसून लेकीचं नाव शोधलं आणि व्हिडिओ लावून मोबाइल पुन्हा डबीला टेकवला. आधी तिचे बूट दिसले. बुटांखाली काहीच नाही. त्या काहीच नाहीच्या पार तळाशी, उवांएवढ्या मोटारी! काकांनी डोळे गच्च मिटले आणि व्हिडिओ गायब झाला.

"अहो, कोपर!" मास्तर ओरडले.

"कुणाचं?"

"तुमचंच की! आत्ता ढकललंत तिला."

काका कोपराकडे फितूर नोकराकडे बघावं तसं बघत राहिले. मग एकेक आठवू लागलं. पोरगी दोरावर दिसली की हात थरथरायचा, आणि वस्तरा कुणाच्या तरी गळ्यावर. कोपर आपलं गुपचूप काम उरकायचं. गालिच्यावरून कुणी पडत नाही, म्हणून गालिचे मात्र शेवटपर्यंत.

"मास्तर, उठा. आणि मला बांधा."

मास्तर अर्धी दाढी घेऊन उठले. काका गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले, दोन्ही हात आवळून चादरीखाली. मास्तरांनी गळ्याशी गाठ मारली आणि व्हिडिओ पुन्हा लावला.

बूट. उवा. वारा. काकांच्या कपाळावर घाम आला, पण कोपर कैदेत होतं. शेवटी काचेत लेकीचं प्रतिबिंब दिसलं. तिने त्याच्या गालांवर साबणाचा फेस फासला, दोन बोटांनी नाक वर उचललं आणि रबरी पट्टीने अगदी काकांसारखं मनगट वळवून त्याची दाढी केली.

काकांनी चादरीसकट फोन केला.

"चिमणे, हनुवटीखाली उलटा हात मारतेस. सोलशील कुणाला!"

पलीकडे गाडीचा खडखडाट. मग तिचं खो खो हसू.

"म्हणजे शेवटपर्यंत पाहिलास?"

"पाहिला. पण बाळा, दोराची गाठ दोनदा बघत जा."

आता आरशाखाली इमारतीच इमारती असतात. लेक पडद्यावर आली की काका वस्तरा मिटून हात मागे बांधतात, आणि ती खाली उतरेपर्यंत गिऱ्हाईकही खुर्चीला घट्ट धरून बसतं. मास्तरांचा दुसरा गाल त्या गडबडीत राहिला तो राहिलाच. तिथली दाढी परवा त्यांनी शर्टात खोचलेली मी पाहिली.