चोचीच्या पेल्यातला हुरडा

मित्रांनो, हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मी चिनी मातीचा एक जुना पेला आहे आणि मला चोच आहे. चहाच्या किटलीला असते तशी, पण आखूड. ज्या माणसाला उठून बसता येत नाही, त्याच्या ओठांना ही चोच लावायची आणि दूध, ताक, पाणी घोटाघोटानं पाजायचं, हे माझं काम. या चोचीपायी दवाखान्यात सगळे मला ‘चिमणी’ म्हणत. आधी फार राग यायचा. पुढे सवय झाली.

कुठल्या भट्टीत मी भाजला गेलो ते सांगता येणार नाही, आच तेवढी आठवते. गवत भरलेल्या पेटीतून रेल्वेनं अकोल्याला आलो आणि तिथून बैलगाडीनं पुढे. त्या गाडीनं असे हिसके दिले की माझे दोन भाऊ वाटेतच फुटले. वाशीमहून शिरपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला एक धर्मादाय दवाखाना होता. पुढे ओसरी, मागे कडुनिंब, आवारात रोग्यांच्या नातेवाइकांच्या चुली. तिथे डॉक्टर फुलचंद यांच्या हाताखाली मी नोकरीला लागलो.

नोकरी कसली, हाल हो! कंपाउंडर घाईचा माणूस. मला रोग्याच्या तोंडाला लावायचा आणि घडाघडा ओतायचा. निम्मं दूध मानेवर. रोगी ठसकला की दोष माझ्या चोचीला.

मग १९४३ चा हिवाळा आला आणि मुदतीच्या तापानं, म्हणजे टायफॉइडनं, गावंच्या गावं आडवी केली. दवाखान्यात माणसं कमी पडू लागली. डॉक्टरांनी वाशीमच्या हायस्कुलात जाऊन विचारलं, सुट्टीत सेवेला कोण येईल? हात पुष्कळ वर झाले. घरून परवानगी मिळाली ती एकट्या विजयमालेला. तिचे वडील शालिग्राम गुरुजी म्हणाले, “जाय. पण गेली तर अर्ध्यातून पळून येजो नको.”

पंधरा वर्षांची पोर ती. पहिल्या दिवशी वॉर्डातला वास सहन न होऊन कडुनिंबामागे जाऊन ओकली. मला वाटलं, झालं, संपली हिची सेवा. पण तिनं चूळ भरली, डोळे पुसले आणि परत आत आली. मला उचललं, आत डोकावून पाहिलं आणि नाक मुरडलं. मग कडुनिंबाची बारीक काडी घेऊन माझी चोच आतून साफ केली. मित्रांनो, इतक्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं! पाजायच्या आधी ती दुधाचा थेंब आपल्या मनगटावर टाकून बघायची. चटका बसला तर थांबायची. मला ती पोर फार आवडली.

डॉक्टरांनी तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. “या तापात आतडी कच्च्या मडक्यासारखी होतात. ताप उतरला तरी पातळच द्यायचं. भाकरीचा घास गेला, तर माणूस हातचा जाईल.”

पण ताप उतरला की भूक अशी काही लागते, काय सांगू! तांड्यावरून मोतीबाई आपली दोन्ही पोरं घेऊन आली होती, थोरला रूपला आणि धाकटा भाऊसिंग. रूपलाचा ताप उतरला आणि तो भाकरीसाठी रडू लागला. आईचं काळीज ते. कुणाचं लक्ष नसताना तिनं दुधात भाकर कुस्करून त्याला भरवली. दुसऱ्या दिवशी रूपला गेला.

वाटीच्या तळाशी भाकरीचे कण पाहून डॉक्टर संतापानं मोतीबाईकडे निघाले, “तुझ्या भाकरीनंच पोर गेलं,” असं सुनवायला. विजयमाला दारातच आडवी आली. “आता नका सांगू, डॉक्टरसाहेब. सांगून तो परत येणार नाही, आणि तिला मात्र जन्मभर झोप लागणार नाही.” डॉक्टर माघारी फिरले. त्या दिवसापासून भाऊसिंगला ती स्वतःच माझ्यातून पाजू लागली. आईनं तर त्याच्या तोंडी कणही दिला नाही. ती ओसरीच्या पायरीवर बसून असायची. सगळे म्हणत, बिचारीचं दुःखानं कशातच लक्ष नाही.

शेजारच्या खाटेवर जानराव होता. धिप्पाड शेतकरी, पण तापानं पार काडी झालेला. ताप उतरला, जिभेला चव आली आणि त्यानं माझ्याशी वैरच धरलं. “हे चिमणीचं पाणी मले नको. माह्या वावरातला हुरडा आणा.” भिंतीकडे तोंड करून तो पडून राहिला. एक दिवस गेला, दुसरा गेला, थेंब घेईना. त्याच्या घरची रीत अशी, की मालकाच्या तोंडी पहिला दाणा पडल्याशिवाय हुरड्याला कुणी हात लावायचा नाही. कणसं वावरात निबर होत चालली होती आणि पोरं नुसती बघत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको तुळसाबाई आली, पदर पोटाशी घट्ट धरून. भाजलेल्या कणसांचा वास आधी आला, ती मागून. डॉक्टर मंगरूळपीरला गेले होते. विजयमाला ओसरीतच तिच्या समोर उभी राहिली.

“मावशी, पदरात काय हाये?”

“हुरडा हाये. सरक.”

“डॉक्टरांनी नाही म्हटलंय.”

“डाक्तरच्या घरचा हाये का तो? माहा नवरा दोन दिसापासून उपाशी हाये! अन् तू एवढीशी पोर, तू कायले मले अडवून राह्यली? काय होते चार दाण्यानं? सांग ना!”

विजयमालेनं तोंड उघडलं. उत्तर तिच्या जिभेवर होतं. चार घासांनी काय होतं ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. एक नाव घेतलं असतं, तर तुळसाबाई जागच्या जागी थबकली असती. पण हातभर अंतरावर पायरीवर मोतीबाई बसली होती.

विजयमालेनं तोंड मिटलं. मी तिच्या हातात होतो. नाव घ्यावं तर ही आई मरते, न घ्यावं तर तो माणूस मरतो. काय करील बिचारी पोर!

मग ती एकदम म्हणाली, “मावशी, हुरडा द्यायचाच. तुमच्याच वावरातला द्यायचा. पण माझ्या हातानं. डॉक्टरांनी गाळलेली पेज चालते म्हटलंय.”

“हुरड्याची पेज? असं कोणी करते का व माय?”

“आपण करू.”

तुळसाबाई रागातच होती, पण ‘द्यायचाच’ या शब्दानं जरा निवळली. आवारातल्या चुलीवर पाणी ठेवलं. दाणे पाट्यावर बारीक वाटले, शिजवले. तुळसाबाई चुलीशी अडकली होती, म्हणून फडकं धरायला मोतीबाई उठली. एकदा गाळलं, दोनदा गाळलं. दुधासारखं पातळ पाणी झालं. त्यात मिठाची चिमूट. विजयमाला ते माझ्यात ओतणार, एवढ्यात मोतीबाई हळूच बोलली.

“पोरी, एकदा अजून गाळ. कण राह्यला नाई पायजे. माह्या रूपलाले मीच भाकर देल्ली होती.”

विजयमालेनं मला खाली ठेवलं.

“तुले वाटलं मले समजलं नाई,” मोतीबाई म्हणाली. “माय हावो मी. समजते. पण तू बोलली नाईस, तेवढ्यावर मी हे दिस काढले व.”

विजयमाला ओक्साबोक्शी रडू लागली. तुळसाबाईनं एकदा मोतीबाईकडे पाहिलं. पदरात उरलेला हुरडा तिनं विजयमालेच्या ओटीत टाकला आणि फडक्याचं दुसरं टोक स्वतः धरलं.

मी जानरावच्या ओठांशी गेलो. त्यानं तोंड फिरवलं, मग वास आला तसा हळूहळू वळला. एक घोट. दुसरा घोट.

“वरच्या वावरातला हाये ना?”

“हाव,” तुळसाबाई म्हणाली.

त्यानं मला पार कोरडा केला. गालावरून पाणी ओघळत होतं, आणि ते काही माझ्या चोचीतून सांडलेलं नव्हतं. तो म्हणाला, “मंग आता पोरायले खाऊ दे.”

होळीच्या आधी जानराव पायी घरी गेला. भाऊसिंगही बरा झाला, आणि बरा झाल्याच्या आनंदात त्यानं असा हात उडवला की माझ्या चोचीचा टवकाच उडाला. जाऊ दे, पोरगं वाचलं.

आता मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत आहे. परवा कुणीतरी माझ्यात खिळे ठेवले. मित्रांनो, माझ्यातले तेवढे खिळे काढा आणि काडीनं माझी चोच साफ करा, मी अजून कामाचा आहे. आजाऱ्याला पाजाल तेव्हा आधी आपल्या मनगटावर थेंब टाकून बघा. आणि एखादी खरी गोष्ट जिभेवर आली, पण समोर कुणाची आई बसलेली असली, तर तीही देण्याआधी एकदा अजून गाळा.