कुंकू लावलेली फ्लॉपी

फ्लॉपी बोलतेय मी. सव्वापाच इंची, काळी. नाक मुरडू नका, सत्याऐंशी साली अंधेरीच्या त्या गाळ्यात माझ्यावाचून कुणाचं पान हलत नव्हतं.

माझ्या पोटात लायब्ररी होती. पुस्तकांची नव्हे हो! प्रोग्रामला लागणाऱ्या आयत्या हिशोबांची शिदोरी. मशीनमध्ये गरागरा फिरून शहाणी झाले, कुणा मास्तराच्या पाया पडले नाही.

मग नवी लायब्ररी आली. प्रोग्राम तिच्यावर तयार झाला, पण सुगंधाच्या टेस्ट तिच्याशी जुळेनात. कंपाइल करायला, म्हणजे मशीनला कळेल अशा भाषेत उतरवायला जावं, की चुकांची रांग. सुगंधा घाटकोपरची, गिरणीकामगाराची पोर. प्रोग्राम तपासायचं काम तिचं, आणि नोकरी अजून कच्ची.

"सर, टेस्ट नव्यानं लिहायला हव्यात," ती तिच्या साहेबाला, जयवंतला म्हणाली.

"वेळ कुठाय? टेस्टला जुनी फ्लॉपी लाव. प्रोग्राम नवीवरच जाऊ दे."

"मग आपण तपासतोय काय?"

"पास होतायत ना? झकास. जास्त शहाणपणा नको गं."

पापड एका पिठाचे विकायचे नि चाखायला दुसऱ्या पिठाचे द्यायचे, अशातली गत. टेस्ट माझ्यावर पास झाल्या. प्रोग्राम मुलुंडला रंगाच्या एका कारखान्यात गेला, बॉयलरचं तापमान दाखवायला. तिथे बॉयलर तापला, पण नव्या लायब्ररीचा हिशोब चुकला नि पडद्यावरचा आकडा थंडच राहिला. एका कामगाराचा हात कोपरापर्यंत सोलला.

दसऱ्याच्या पूजेला सगळे जमले असताना ही बातमी आली. मालक अण्णा कडाडले. जयवंत शांतपणे म्हणाला, "हिनं टेस्ट केल्याच नाहीत, अण्णा. कंपाइलसुद्धा होत नाहीत, बघा चालवून."

"जुन्या लायब्ररीवर होतात! तुम्हीच लावायला सांगितलीत!" सुगंधानं मला उंच धरलं. "ही एकच प्रत आहे. आत्ता दाखवते."

"कसली जुनी? थापा मारते."

"आधी पूजा," अण्णा म्हणाले. "मग बघू."

आमच्याकडे दसऱ्याला यंत्रं पुजतात. की-बोर्डला झेंडू, फ्लॉप्यांना पाकिटावरून कुंकू. सुगंधानं मलाही पूजेच्या पाटावर ठेवलं. जयवंतनं मात्र मला पाकिटातून बाहेर काढलं. डोळे मिटले, हात जोडले आणि माझ्या खिडकीतून जिथे उघडी तबकडी दिसते, तिथे चिमूटभर कुंकू अंगठ्यानं दाबून बसवलं.

"लक्ष्मी आहे ही," म्हणाला मेला.

सुगंधा धावली. ओढणीनं पुसलं, बोटानं पुसलं, घासघासून पुसलं. मग मला मशीनमध्ये घातलं. खर्र, खर्र. वाचता येत नाही, मशीननं सांगितलं.

"उद्यापासून येऊ नकोस," अण्णा म्हणाले.

आता मी जयवंतच्या चहाच्या कपाखाली असते. सुगंधा, पोरी, तुला खोटा धीर देणार नाही. त्याच्या कुंकवातून जे थोडंफार वाचलं होतं, ते तुझ्या बोटानं गेलं. पण पुढच्या ठिकाणी पुरावा असा उंच धरून दाखवू नकोस गं. आधी मशीनमध्ये घाल, मग तोंड उघड.

यंदाच्या दसऱ्याला जयवंतनं नव्या फ्लॉप्यांना कुंकू लावलं. पाकिटावरून, अलगद, एक कण आत जाऊ न देता. येत होतं मेल्याला.