टोपलीतल्या वहाणा

ज्वारीची काढणी चालू होती आणि धुरपदाबाईची पात, तिच्या वाट्याची ओळ, मागं पडली होती. असं कधी झालं नव्हतं. लग्न होऊन वाडीत आली त्याला बावीस वर्षं झाली, पण काढणीत तिच्या म्होरं कुणी गेलं नव्हतं. आज बायका बांधाला जाऊन टेकल्या, पाणी प्याल्या, तरी ही आपली निम्म्या रानात. माघाचं ऊन चढलेलं, काळं रान हात जाईल एवढं भेगाळलेलं, आणि त्या ढेकळांतून डावी टाच उचलून ती चवड्यावर चालत होती, पायाला दोरी बांधलेल्या कोंबडीवानी.

"अगं बाई, पावणी आली नव्हं आपल्या रानात!" कडूबाई बोलली. ती धुरपदाची चुलत जाऊ. जिभेला हाड नसलेली बाई. तिनं पदर खोचला, एक टाच उचलली आणि कंबर हलवत चार पावलं चालून दाखवली. बायका पोट धरून हसल्या. धुरपदाही हसली. न हसून करते काय? पण कानाच्या पाळ्या तापल्या त्या सांजपर्यंत तापलेल्याच राहिल्या.

दुखणं दिवाळीपासूनचं. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत कुणी दाभण खुपसावं तशी कळ यायची. भिंतीला धरून दहा-वीस पावलं टाकली की जरा हलकं व्हायचं, आणि दिवसभर रानात राबून आलं की पुन्हा ठणका. तिनं तापल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेकलं. बिब्ब्याचा चटका दिला, तर टाच उतली आणि आठ दिवस वेगळंच भोगलं. घरात कुणाला सांगितलं नाही. टाच दुखती हे काय सांगायचं दुखणं आहे? बाई कामाला कंटाळली म्हणतील.

पण एक दिवस सासऱ्यांनी बघितलं. तात्या सत्तरीचे, वाडीतले जाणते. पारावर कुणाचाही तंटा असो, शेवटचा शब्द त्यांचा. त्या दिवशी ते तोंड धुवायला म्हणून आत आले, तर सून जमिनीवर हात टेकून रांगत चुलीकडं चाललेली. ते तसेच माघारी फिरले, ओसरीवर जाऊन मुद्दाम खाकरले, आणि मग लेकाला हाक मारली.

"हिंमत, बैल लंगडला असता तर एव्हाना चार गावं पालथी घातली असतीस तू."

हिंमतराव गोंधळला. "काय झालं तात्या?"

"तुज्या बायकूचा पाय बघितलास का कधी? उद्याच्याला बार्शीला न्हे तिला."

मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीची ही गोष्ट. नवराबायको ढोकीला बारक्या रेल्वेगाडीत बसली आणि बार्शीला उतरली. दवाखान्यात डॉक्टरांनी टाच दाबून बघितली, हाडाचा फोटू काढला, आणि तो खिडकीच्या उजेडात धरून म्हणाले, "हे बघा. टाचेखाली हाड जरासं पुढं आलंय. काट्यासारखं."

"मग काटा काढून टाका की साहेब," हिंमतराव बोलला. "कापायचं तर कापा. आमची ना न्हाय."

"अहो, असं हाड कितीतरी लोकांना असतं, आणि त्यांना पत्ताही नसतो. तळव्याचा पट्टा टाचेपाशी ओढला गेलाय, दुखणं त्याचं आहे. हाड कापलं म्हणून दुखणं जाईलच असं मी सांगणार नाही." डॉक्टर धुरपदाकडं वळले. "बाई, अनवाणी चालता?"

हिंमतरावच बोलला, "साहेब, आमच्यात बाईमाणूस कवा वहाणा घालतंय?"

"मग आता घालायच्या. टाचेखाली मऊ घालून शिवून घ्या. घरात, रानात, कुठंही अनवाणी पाऊल टाकायचं नाही. सकाळी उठायच्या आधी बसल्या जागी पंचा लावून पायाची बोटं आपल्याकडं ओढायची. सहा महिने असं करा. दहांतल्या नऊ जणांना एवढ्यानं गुण येतो. नाहीच आला, तर मग सोलापूरच्या दवाखान्यात कापायचं बघू."

तेव्हा धुरपदा पहिल्यांदा बोलली. पदर तोंडाशी धरून, भुईकडं बघत.

"कापाच."

"काय म्हणालात?"

"कापा म्हनलं. वहाणा नगं."

डॉक्टरांना वाटलं बाईला नीट समजलं नाही. त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं. पण तिला पहिल्याच सांगण्यात समजलं होतं. कापणं सोलापूरला, दाराआड होईल. भूल देतील, पट्टी बांधतील, चार लोक कीव करतील. वहाणा मात्र पायात घालून वाडीतनं चालायचं, पारापुढनं, जिथं सासरे बसतात. पारापुढनं जाताना बायका पदर नाकापर्यंत ओढायच्या. तिथनं वहाणा वाजवत कोणती सून गेली होती आजवर?

परत येताना हिंमतराव गाडीत हसत होता. "लोक चाकूला भितात. तू वहाणंला भितीस!"

तेर गावच्या बाजारात कल्याणप्पा वहाणा शिवायचा. त्यानं धुरपदाचं पाऊल कागदावर आखून घेतलं, टाचेखाली घोंगडीचा तुकडा तीन घड्या करून आत शिवला. आठव्या दिवशी वहाणा घरी आल्या. दुसऱ्या दिवशी ती त्या घालून भाकरीची टोपली डोक्यावर घेऊन निघाली. खरं सांगायचं तर टाचेला बरं वाटत होतं. पण कोपऱ्यावरच कडूबाईनं गाठलं. "आता गं बया! मामलेदारीणबाई कुठं निघाल्या म्हनायच्या?"

पारावर सात-आठ माणसं बसली होती. वहाणांचा आवाज आला तसं बोलणं थांबलं. धुरपदानं पदराआडून चोरून बघितलं, तर तात्यांनी मान खाली घातलेली. काडीनं मातीत कायतरी रेघोट्या ओढत होते.

ओढ्याच्या कडंला गेल्यावर तिनं वहाणा काढल्या, टोपलीत फडक्याखाली घातल्या आणि अनवाणी रानात गेली.

त्या दिवसापासून वहाणा टोपलीतच राहिल्या. नवरा दिसला की पायात, नवरा गेला की टोपलीत. "घालतीस नव्हं?" हिंमतराव विचारायचा. "घालतिया की," ती म्हणायची. पहिल्यांदा म्हणताना जड गेलं. पुढं सवय झाली. पंचा लावून बोटं ओढायचंही राहिलं. उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, चिखलात खुरपणी झाली. टाच आता सकाळ-संध्याकाळ बघेना, रात्रंदिवस ठणकू लागली.

सहा महिने भरले. बार्शीला जायच्या आदल्या दिवशी धुणं धुवायला ओढ्यावर गेली, तेव्हा तिनं वहाणा काढल्या, इकडं-तिकडं बघितलं आणि त्यांचे तळ दगडावर घासले. झिजल्यासारख्या दिसेपर्यंत घासले.

डॉक्टरांनी वहाणा उलट्या करून बघितल्या. "घातल्यात का रोज?"

"व्हय."

"घरातसुद्धा?"

ती काही बोलायच्या आत हिंमतराव म्हणाला, "साहेब, माजी बायकू लबाड बोलणारी न्हाय. बावीस वर्षांत कधी बोलली न्हाय."

डॉक्टरांनी फोटू पुन्हा एकदा उजेडात धरून बघितला. मग सोलापूरच्या दवाखान्याला चिठ्ठी लिहून दिली. येत्या सोमवारी भरती व्हायचं, टाच कापायची. धुरपदाला पाहिजे होतं तेच झालं. पण चिठ्ठी नवऱ्यानं घडी घालून टोपीत जपून ठेवली, ते तिला बघवेना.

घरात गडबड उडाली. हिंमतरावनं भुईमुगाची काढणी पुढं ढकलली. आणि तात्यांनी कुणाला न सांगता एक गोष्ट केली. दुसऱ्या दिवशी धुरपदा ओसरी झाडायला गेली, तर त्यांच्या वहाणा खुंटीला टांगलेल्या. तिला वाटलं, विसरले असतील. पण दुपारी ते रानातनं आले ते अनवाणी, लंगडत. दारातच बसले.

"सूनबाई, सुई आण गं. काटा मोडलाय. मला दिसंना."

ती सुई घेऊन आली, पदर सावरून त्यांच्या पायाशी बसली. म्हाताऱ्याचा तळवा कधी तिनं बघितला नव्हता. वहाणांत वाढलेला, पांढरा, मऊ तळवा. त्यात बाभळीचा काटा रुतलेला आणि चिखलात रक्त कालवलेलं.

"वहाणा घातल्या न्हाईत, मामंजी?"

"तुळजापूरच्या आईला बोललोय म्या," तात्या म्हणाले. "माजी सून दोन्ही पायांवर नीट हुभी राहीपर्यंत पायात वहाण घालनार न्हाय. तू डॉक्टरचं समदं ऐकलंस, सहा महिने नेम पाळलास, तरी देवानं गुण दिला न्हाय. मग माणसानं दुसरं काय करायचं?"

काटा निम्मा वर आला होता. तिनं तो ओढला, बाजूला टाकला, आणि तळव्यावर पदराचं टोक दाबून धरलं. बावीस वर्षांत या माणसाशी ती 'जेवायला वाढलंय' आणि 'व्हय' यापलीकडं बोलली नव्हती.

"मामंजी, म्या नेम पाळला न्हाय."

"आं?"

"वहाणा घातल्या न्हाईत म्या. एक दिस घातल्या, पारापुढनं गेले. मग टोपलीत घातल्या. डॉक्टरला लबाड बोलले, ह्यास्नी लबाड बोलले. वहाणांचं तळ दगडावर घासलं." तिनं सुई पदराला टोचून ठेवली. "माज्या पायासाठी तुमच्या पायात काटं मोडू देऊ नका. म्या त्या लायकीची न्हाय."

तात्यांनी मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. अंगणात एक कोंबडी माती उकरत होती, तिच्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "त्या दिशी म्या मान खाली घातली ते बघितलंस तू."

तिनं पदराचं टोक तळव्यावर आणखी दाबलं.

"लाज वाटली मला. खोटं कशाला बोलू? म्याच तुला बार्शीला धाडलं, आन् तू माज्या मित्रांम्होरनं वहाणा घालून निघालीस तर म्याच तोंड लपिवलं. चार शब्द बोललो असतो पारावर, तर कुणाची टाप हुती का हसायची?" त्यांनी पाय तिच्या हातातून काढून घेतला. "हिंमतला सांग. तूच सांग. म्या सांगनार न्हाय."

तिनं सांगितलं. हिंमतराव ओरडला नाही, हात उगारला नाही. टोपीतनं चिठ्ठी काढून त्या चिठ्ठीकडंच बघत बसला. "डॉक्टरम्होरं म्या काय बोललो, ऐकलंस नव्हं?" एवढंच म्हणाला आणि उठून बैलांकडं गेला. चार दिवस तिच्याशी बोलला नाही. सोमवारी मात्र बैलगाडी जुंपली, ती सोलापूरला जायला नव्हे, बार्शीच्या गाडीसाठी ढोकीच्या टेसनाला.

दवाखान्यात तो बाहेरच बसला. आत एकटीनं जाऊन धुरपदानं चिठ्ठी मेजावर ठेवली आणि सगळं सांगितलं. डॉक्टर रागावले, चांगले रागावले. "अहो, उगीच टाच उघडली असती आम्ही! काही बिनसलं असतं तर जन्माचा पाय गेला असता." मग त्यांनी चिठ्ठी टेबलाच्या खणात टाकली. "सहा महिने. आजपासून. आणि या वेळी मला वहाणा दाखवू नका, पाय दाखवा."

"तात्या, आता कामून अनवाणी फिरता?" हिंमतरावनं घरी आल्यावर बापाला विचारलं. "ती तर लबाडी हुती."

"तिची लबाडी हुती. माजं बोलणं खरं हुतं. देवीला बोललेलं माघारी घेता येत न्हाय."

दुसऱ्या दिवशी धुरपदा वहाणा घालून निघाली आणि पाराच्या अलीकडं तिचे पाय थबकले. हात वहाणांकडं गेला. पारावर तात्या बसलेले. त्यांनी तिला बघितलं. हळूच पारावरनं उतरले, अनवाणी पाय मातीत टेकवले आणि मोठ्यानं म्हणाले, "चल गं सूनबाई. डॉक्टरनं सांगितलंय तसं चाल. ऊन व्हायच्या आत रानात जाऊ."

ते पुढं निघाले, ती मागं. म्हातारा अनवाणी, खडे चुकवत, आणि मागं सून, फटक फटक वहाणा वाजवत. पारावर कुणी हसलं नाही. कोपऱ्यावर कडूबाई होती, तिनंही तोंड उघडलं नाही. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं असं धुरपदाला वाटलं. एकेक पाऊल टाकताना तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. पण वहाणा तिनं काढल्या नाहीत. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढं कधीच नाही. जेवढ्या लवकर टाच बरी होईल तेवढ्या लवकर म्हाताऱ्याच्या पायात वहाण येईल, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. उठल्याबरोबर अंथरुणात बसून ती पंचा लावून बोटं ओढायची. स्वयंपाक करतानाही वहाणा घालायची, फक्त देवापुढं काढायची.

गुण आला, पण दमानं. दसऱ्याला पहिलं पाऊल टाकताना कळ होतीच. संक्रांतीला ती भिंत न धरता चुलीपर्यंत गेली. शिमग्याच्या आसपास एका सकाळी ती उठली, चूल पेटवली, पाणी ठेवलं, आणि मग तिच्या ध्यानात आलं की टाच दुखलीच नाही. तिथंच चुलीपुढं बसून ती रडली. टाच कापावी लागली नाही ती नाहीच.

चैत्रात तात्या तुळजापूरला जाऊन नेम सोडून आले. धुरपदानं त्यांच्या वहाणा खुंटीवरनं काढल्या. आठ महिन्यांत चामडं वाळून लाकूड झालं होतं. तिनं दोन दिवस करडीचं तेल चोळून त्या मऊ केल्या आणि त्यांच्या पायाशी नेऊन ठेवल्या.

तात्यांनी पाय घालून बघितला. पाऊल रुंद झालेलं, जाईना. एकदा उठून दोन पावलं चालले, मग काढल्या.

"नव्या करून घेऊ," ती म्हणाली. "कल्याणप्पाला सांगते, मामंजी. मऊ शिवतो त्यो."

"ऱ्हाऊ दे. आता सवय मोडली. भुई लागल्याबगर चालल्यासारखं वाटत न्हाय."

त्यानंतर तात्या तीन वर्षं जगले आणि तीनही वर्षं अनवाणीच हिंडले. वाडीत त्यांचा मोठा लौकिक झाला. येडशीकडचे पावणे आले की पारावरची माणसं सांगायची, देवीवर केवढी भक्ती म्हाताऱ्याची, सुनेसाठी वहाणा सोडल्या त्या सोडल्या. पावणे हात जोडायचे, आणि चहा घेऊन आलेल्या धुरपदाबाईला म्हणायचे, "बाई, नशीब काढलंस. असा सासरा मिळायला पुण्याई लागती."

"व्हय," ती म्हणायची, आणि कपबशा ठेवून, वहाणांचा आवाज होऊ नये म्हणून हळूहळू पाय टाकत आत जायची.