दोराची खाच

"शिक्षाच लिहायची! आपली शिक्षा त्यानं भोगली, झालं!" पंडितभाऊंनी काठी फरशीवर आपटली.

"मामा, पण असा कोणता बाप हाय, जो लेकराचं रक्त घेतल्याबिगर माफच करीत न्हाई?" त्यांची सून राजेश्री म्हणाली. "आता लिहिलंय तेच राहू द्या."

"तू शाळेत शिकव. हितं नको."

भांडा बाबांनो, भांडा. मी क्रूस बोलतोय. ताडकळसच्या अलीकडच्या एका खेड्यात, पत्र्याच्या प्रार्थनाघरात भिंतीला टेकून उभा आहे, आणि हे भांडण माझ्याच अंगावर काय लिहायचं यावरून चाललंय. उद्या उत्तम शुक्रवार, प्रभूच्या मरणाचा दिवस. दरसाल या दिवसाच्या तोंडावर या लोकांना कंठ फुटतो. मला विचाराल तर आता नुसतं बसायचंय. पण क्रूसाला बसता येत नाही.

मी जन्माचा क्रूस नाही. माझं आडवं लाकूड म्हणजे चंद्रभानच्या बैलगाडीचं जू. बैलांच्या मानेच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्या, म्हणजे शिवळा, घालायची भोकं अजून आहेत. परगावचे पाहुणे त्यांना खिळ्यांची भोकं समजून हात जोडतात. जोडोत बापडे. माझ्याखाली दोन बैलांच्या माना घासल्या, त्यांना कुणी हात जोडले नाहीत.

चंद्रभानची बायको कडूबाई. तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून मरणानं हिला तोंड लावू नये यासाठी आईबापांनी नावच कडू ठेवलं. मरणानं हिला सोडलं, पण हिच्या नागसेनला सोडलं नाही. एका उन्हाळ्यात विहिरीतल्या इंजिनाचा धूर तळाशी कोंडला आणि गाळ काढणारा गोपाळ तिथंच आडवा झाला. मला विहिरीच्या तोंडावर टाकलं, दोर बांधला आणि नागसेन उतरला. गोपाळला दोराला बांधून त्यानं वर धाडलं. दोर पुन्हा खाली सोडला, तेव्हा तो धरायला तळाशी नागसेन उठला नाही. मग काठावरच्या गर्दीतून कडूबाई ओला पदर तोंडाला बांधून त्याच दोरानं उतरली. मायलेकराचं ओझं वर येताना दोर माझ्या मधोमध रुतला. ती खाच अजून आहे.

चंद्रभाननं मला पुन्हा बैलांच्या मानेवर ठेवलं नाही. गाडीची दांडी उभी जोडून मला क्रूस केलं. आता चंद्रभानही नाही.

इथल्या पहिल्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, माझ्यावर रंगवलं, 'आमची शिक्षा त्याने भोगली.' कडूबाईला तेव्हा अक्षर येत नव्हतं. झाडायला यायची आणि बोटानं गिरवत बसायची. मी तिची पाटी झालो. वाचायला आलं त्या दिवशी तिनं पाळकांनाच सवाल केला, "माझ्या नागसेननं कुणाची शिक्षा भोगली?"  पुढच्यांनी ते खरवडून लिहिलं, 'त्याने प्रेम केले.' तेव्हा म्हणाली, "हे बरं हाय. पण पिरमानं लेकरू घरी येत न्हाई." या बाईच्या तोंडी लागू नये.

खरं सांगू? मला दोन्ही वाक्यं खोटी वाटली नाहीत. पण दर वेळी शहाणपण त्यांचं आणि साल माझी.

आता नवे पाळक आलेत, भुजंगराव. परभणीहून मोटारसायकलवर येतात. माणूस तरुण, गळा गोड. आज हातात रंधा घेऊनच आले.

"पंडितभाऊ, ताई, दोघंही थांबा," ते म्हणाले. "शिक्षा म्हणा की प्रेम म्हणा, लोक रडतच घरी जातात. अहो, तो मरणाच्या घरात शिरला आणि दार मोडून बाहेर आला! 'मरणावर जय' लिहू. ठळक. आधी मधली ही खाच रंध्यानं सपाट करतो, नाहीतर अक्षर वाकडं येतं."

"करा सपाट," पंडितभाऊ लगेच म्हणाले, "पण लिहायची शिक्षाच."

"सपाट तर करावंच लागंल, पण वर लिहायचं पुन्हा प्रेमच," राजेश्रीही म्हणाली.

तिघांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर.

कडूबाई कोपऱ्यात बसली होती. दर शुक्रवारी ती येते, त्या खाचेत अंगठा ठेवते, थोडा वेळ तशीच उभी राहते आणि जाते. प्रार्थना म्हणाल तर तेवढीच. लेकराचा फोटोसुद्धा नाही तिच्याकडं.

मला उजळ करू नका रे. पार थकलोय मी, जिथं तिथं पातळ झालोय. हवं ते लिहा, हवं ते पुसा. पण ज्या जागी मी एकदा कुणाच्या कामी आलो, तेवढी बोटभर जागा राहू द्या. पण लाकडाचं कोण ऐकतं?

रंधा माझ्यावर टेकला. तशी कडूबाई गुडघ्यावर हात देत उठली, आली, आणि खाचेवर अंगठा ठेवून उभी राहिली.

"कडूवहिनी, सरका बाजूला," पंडितभाऊ वैतागले. "देवाचं काम चालू हाय, त्यात तुमचं काय मधीच?"

तिनं आवाज चढवला नाही.

"पंडित, त्या दिवशीबी तुमी समदे हिरीच्या काठावर उभं राहून त्यो कशापायी मेला तेच बोलत व्हता. ज्याला खाली उतरायचं हाय, त्यानंच ह्या लाकडाला हात लावावा."