गच्चीवरच्या खोलीचा खर्च

मी खिडकीतला एसी बोलतोय. म्हणजे परवापर्यंत खिडकीत होतो. आता दुबईतल्या एका जुन्या व्हिलाच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून भंगारवाल्याची वाट बघतोय.

अकरा वर्षांपूर्वी इथं भाड्यानं राहणाऱ्या हमदुल्लाभाईंनी मला सेकंडहँड आणलं, ते गच्चीवरच्या खोलीसाठी. दापोलीकडून नोकरी शोधायला आलेले गाववाले तिथं उतरायचे. वर नुसता स्लॅब. जुलैत तो असा तापायचा, की मी दिवसरात्र घरघरूनही हवा जेमतेम कोमट व्हायची. मग पोरं मला शिव्या घालायची. तापायचं स्लॅबनं आणि शिव्या खायच्या मी! त्याचा राग मला अजून आहे.

गेल्या वर्षी भाईंची आई, मरियमबी, कायमची राहायला आली. खाली जागा नव्हती, म्हणून तिला माझ्याच खोलीत ठेवलं. म्हातारी ओली ओढणी डोक्यावर घेऊन दुपार काढायची, तक्रारीचं नाव नाही. यंदा एकदा चक्कर येऊन पडली.

भाईंच्या बायकोनं, शहनाझनं, लगेच कंत्राटदार बोलावला. स्लॅबवर उष्णता अडवणारे बोर्ड टाकायचे, खिडकीतलं माझं भोक बुजवायचं आणि छोटा नवा एसी बसवायचा. साडेसहा हजार दिरहम.

"म्हणजे दीड लाख रुपये!" भाई उडालेच. "तेवढ्यात गावी बांधलेल्या घराचं सीलिंग होतंय. भाड्याच्या घरावर कशाला? इथं आपण किती दिवस? इन्शाल्ला, पुढच्या वर्षी गावीच जायचं."

हे पुढचं वर्ष मी आल्यापासून ऐकतोय.

"मग मीच जाते गावी," मरियमबी म्हणाली. "माझ्यापायी खर्च नको रे."

तिकीट निघालं. बॅग भरताना नात एमान भाईंना म्हणाली, "बट पप्पा, हू लिव्हज देअर?"

"वॉचमन आहे ना," भाई बोलून गेले. सहा खोल्यांचं नवंकोरं घर, आणि त्यात आई एकटी. त्यांचे डोळे भरून आले.

"अम्मी, तिकीट कॅन्सल. खलास," ते म्हणाले आणि कंत्राटदाराला फोन लावला. "यल्ला, उद्याच सुरू करा."

मला खिडकीतून उपटलं तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण चूक माझीही होती. मी चालू आहे म्हणजे खोली गार आहे, असं सगळे धरून चालले आणि मी फुशारकीनं घरघरत राहिलो.

काल दुपारी ऊन नुसतं मी म्हणत होतं. आतून मरियमबीचा आवाज आला, "शहनाझ, जरा चादर दे गं. गारठले मी."

अकरा वर्षांत माझ्यासमोर कुणी चादर मागितली नव्हती.