म्हशीच्या शिंगाला बांधलेलं ठिकाण

करडीच्या देवाजीला फोननं पहिला प्रश्न विचारला तेव्हा तो चुलीजवळ बसून पाय शेकत होता. प्रश्न साधा होता. आज सकाळी तुम्ही ज्या ठिकाणी गेला होता, तिथे गाडी लावायला जागा सहज मिळाली का?

देवाजीनं आधी प्रामाणिकपणे विचार केला. जागा म्हणाल तर भरपूर होती. झुडपी जंगलात, तीन पळसांच्या मधोमध, एका वारुळाच्या कुशीला. ट्रक लावला असता. मग त्याच्या ध्यानात आलं की आपण त्या जागेविषयी कोणाशी तरी बोलायला लागलो आहोत. त्यानं फोन उलटा केला आणि पाटाखाली सारला.

त्या वारुळावर दर श्रावणात सात्या निघत. सात्या म्हणजे रानातल्या पांढऱ्या छत्र्या. त्यांची भाजी शिजली की शेजारची तीन घरं विनाकारण चौकशीला येतात. वर्षानुवर्षं त्या एकाच जागी उगवतात, आणि ती जागा कोणी कोणाला सांगत नाही. शेताची हद्द सांगतील, पोरीच्या सासरचं भांडण सांगतील, पण सात्यांचं ठिकाण नाही. देवाजीच्या बापानं ते मरणाच्या चार दिवस आधी सांगितलं, आणि तेही सवयीनं दिशा चुकवून. देवाजीला वारूळ सापडायला तीन पावसाळे लागले. त्यानंतर सत्तावीस वर्षं त्यानं ते बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

जायची पद्धतही ठरलेली. हातात पाण्याचं टमरेल घेऊन निघायचं. टमरेलवाल्याला वाटेत कोणी थांबवत नाही, कुठे चालला विचारत नाही, आणि मागे तर मुळीच येत नाही. गावात घरोघर संडास झाले तरी देवाजीनं टमरेल सोडलं नाही, त्यामुळे त्याच्या पोटाविषयी गावात एक कायमची सहानुभूती होती.

यंदा फरक एवढाच की खिशात फोन होता. मुलगी उर्वशी नागपूरला नोकरीला. ती उन्हाळ्यात आली, आईबापाला एकेक फोन दिला, अर्धा दिवस दोन्ही फोन मांडीवर घेऊन काय काय चालू करत बसली आणि जाताना सांगून गेली की बाबा, साप-विंचवाचे दिवस येतात, रानात जाताना हा खिशात पाहिजे म्हणजे पाहिजे. देवाजी मुलीचं ऐकत असे. ती सगळ्यांत कमी बोलायची म्हणून.

आठ दिवसांनी तो परत वारुळावर गेला तर सात्या नव्हत्या. नव्हत्या म्हणजे निघाल्या होत्या आणि गेल्या होत्या. मातीत बोटानं उकरल्याचे ताजे खड्डे होते, आणि ज्यानं कोणी उकरलं होतं त्यानं जाताना वरून पळसाची पानंसुद्धा नीट पसरली होती. बापाच्या काळापासून पहिल्यांदा त्या वारुळाला दुसऱ्या माणसाचा हात लागला होता. देवाजी तिथेच बसला. टमरेलातलं पाणी प्यायला.

घरी आला तर बायकोनं, रुखमिणीनं, सात्यांची भाजी केली होती. आसगावच्या भावानं पाठवल्या म्हणाली. देवाजी दोन भाकरी जास्त जेवला आणि म्हणाला, आसगावकडच्या सात्यांना आपल्यासारखीच चव लागते, नवल आहे. रुखमिणी म्हणाली, पाणी सारखंच असंल.

त्याचा संशय घनश्यामवर होता. घनश्याम त्याचा चुलतभाऊ, धानाच्या बांदीला बांदी लागून, आणि गेल्या दहा वर्षांत त्यानं देवाजीला चारदा विचारलं होतं, दादा, तुझं पोट नेमकं श्रावणातच काहून बिघडते? पण घनश्यामला सांगितलं कोणी? देवाजीनं नाही. बाप तर वारला होता. उरला तो एकच, जो त्या दिवशी खिशात बसून सोबत आला होता आणि घरी येऊन पार्किंगची चौकशी करत होता.

बाजाराच्या दिवशी देवाजी मोहाडीला गेला. तहसील कचेरीसमोर कामिनीचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. कामिनी पंचवीसेक वर्षांची, डोळ्याला भिंग लावून फोनच्या पोटात बघणारी आणि भिंग न काढताच गिऱ्हाईकाकडेही बघणारी. देवाजीनं तिला मोघम सांगितलं की फोन बाहेर बोलतो असा अंदाज आहे. काय बोलतो ते मात्र सांगितलं नाही.

"किती ॲप हायेत काकाजी यात?"

"एकोणतीस. मोजले म्या."

तिनं सेटिंग उघडलं, कोपऱ्यातले तीन ठिपके दाबले आणि सिस्टमची ॲप्स दाखवा म्हणून खूण केली. यादी लांबली. कामिनी अंगठ्यानं वर सारत राहिली, यादी येत राहिली. वर आकडा होता तीनशे बेचाळीस.

देवाजीला राग यायला हवा होता, पण त्याला उत्सुकताच वाटली. तीनशे बेचाळीस म्हणजे त्याच्या टोल्यातली, म्हणजे वस्तीतली माणसं, बायका, पोरं आणि वर शेळ्या धरल्या तरी एवढे भरत नव्हते. हे सगळे उन्हाळ्यापासून त्याच्या सदऱ्याच्या खिशात राहत होते आणि एकानंही ओळख करून दिली नव्हती. तो स्टूल ओढून बसला आणि एकेकाची विचारपूस करू लागला. हा काय करतो? हा छापायचं काम करतो. माझ्याकडे छापायची मशीन नाही. नाही ना, तो वाट पाहून राहिला. आणि हा? याचं नाव होतं दिवास्वप्नं. कामिनीनं भिंग लावून दोनदा वाचलं. फोन चार्जिंगला लागलेला असला की त्याला स्वप्नं पडायची सोय हा करतो म्हणे. देवाजीनं त्याला राहू दे म्हटलं. कोणाचं त्याच्यानं काही बिघडत नव्हतं.

मग तिनं फक्त ठिकाण बघणाऱ्यांची यादी काढली. हवामानवाला होता, नकाशावाला होता, फोटोवाला होता. टॉर्चही होता.

"टॉर्चले माझं ठिकाण कायले पाह्यजे?"

"मालूम नाही."

"अंधार कोठी हाय ते पाहत असंल," देवाजी म्हणाला. त्याला स्वतःलाच ते पटलं नाही.

कामिनीनं टॉर्च काढून टाकला, नकाशाची आणि फोटोची परवानगी बंद केली, हवामानवाल्याला फक्त उघडल्यावर बघ अशी ताकीद दिली. एकेक बंद होताना देवाजीला गावातून एकेक पाहुणा एसटीत बसवल्यासारखं वाटत होतं. शेवटी एकच उरला. त्याचं नाव लांबलचक होतं, त्याच्या परवानगीचं बटन राखाडी होतं आणि दाबलं तरी हलत नव्हतं.

"हा मुख्य हाय काकाजी. बाकीचे यालेच विचारून चालतात. याले बंद केलं तर फोन फोन राहत नाही."

"मंग हा कोणाले सांगते?"

"ज्याले ज्याले सांगायचं ठरलं असंल त्याले. तुमी कोणाले ठिकाण पाठवता का?"

देवाजीला या प्रश्नाचा अपमान वाटला. सत्तावीस वर्षांत त्यानं कोणाला ठिकाण पाठवलं नव्हतं. त्यानं तसं सांगितलं. मागे गिऱ्हाइकं थांबली होती, कामिनीनं त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि फोन परत दिला.

एसटीत बसल्या बसल्या देवाजीनं परिस्थितीचा विचार केला. बंद होत नाही, हलत नाही, सगळं बघतो. अशा माणसाशी कसं वागायचं हे त्याला बापानं शिकवलं होतं. त्याला चुकवायचं. फोन घरी ठेवला तर त्याला समजणार की आपल्यापासून काही लपवलं जातं आहे, आणि मग तो जास्तच खोदून विचारणार. त्यापेक्षा त्याला हिंडवून आणावं. दुसऱ्या बाजूनं.

चार दिवसांनी, रात्रभर आभाळ गडगडून गेल्यावर, देवाजीनं सकाळी फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला दोरी बांधली आणि दोरी आपल्या भुरी म्हशीच्या डाव्या शिंगाला. भुरी रोज गावाच्या उगवतीला चरायला जायची. वारूळ मावळतीला. देवाजीनं तिच्या पाठीवर थाप मारली, टमरेल उचललं आणि तो उलट्या वाटेनं निघाला.

भुरीनं मात्र त्या दिवशी चराईला फाटा दिला. ती तडक गावतलावात शिरली, मधोमध जाऊन बसली, नाक आणि शिंगं तेवढी वर ठेवली आणि दोन तास हलली नाही.

देवाजीला वारुळावर या खेपेला सात्या मिळाल्या. टोपलीभर नाही, पण दुपट्ट्यात गच्च गाठोडं होईल एवढ्या. तो खुशीत परतला तर तलावाच्या पाळीवर अर्धं गाव जमलेलं. मासे धरणाऱ्यांनी डोंगा पाण्यात लोटला होता. कमरेएवढ्या पाण्यात घनश्याम उभा होता आणि लांब बांबूनं तळ चाचपत होता, तोंडानं रामाचं नाव घेत. देवाजीनं गाठोडं काखेत दाबलं आणि पुढच्या माणसाला विचारलं, काय झालं?

"देवाजी बुडाला," तो माणूस पाण्यावरची नजर न काढता म्हणाला.

देवाजी हळहळला. अजून वय नव्हतं. मग त्या माणसानं मागे वळून पाहिलं आणि तो पाळीवरून दोन पावलं खाली घसरला.

गर्दी फुटली. मधे रुखमिणी बसलेली दिसली. पदर चिखलानं भरलेला, एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा, आणि हातात तिचा फोन, तो ती इतका घट्ट धरून होती की पडदा आपोआप मोठा-लहान होत होता. पडद्यावर करडीचा नकाशा होता. तलावाच्या निळ्यात एक ठिपका होता आणि ठिपक्यात उर्वशीनं काढलेला देवाजीचा फोटो, फेटा बांधलेला, हसणारा.

रुखमिणी उठली. तिनं त्याच्याकडे वरून खाली पाहिलं, काखेतल्या गाठोड्यावर नजर थोडी थांबली.

"दोन घंट्यापासून मधात बसून होते जी तुमी," ती म्हणाली.

देवाजीनं नकाशा पाहिला, तिच्याकडे पाहिलं. कामिनीनं विचारलेला प्रश्न त्याला आता समजला. मुख्य माणूस कोणाला सांगत होता ते समजलं, पळसाची पानं इतकी नीट कोणी पसरली असतील तेही समजलं. पण भोवती अर्धं गाव होतं आणि पाण्यातून घनश्याम निथळत वर येत होता.

"दादा, फोन तलावात अन् तू कोठून आला?" घनश्यामनं विचारलं. त्याचा आवाज खरंच रडका होता, पण डोळे गाठोड्याकडे गेले होते.

सत्तावीस वर्षं त्यानं फक्त न बोलण्याचा सराव केला होता, खोटं बोलण्याचा नाही. रुखमिणीच्या तोंडात एक वाक्य होतं. ती ते बोलली असती तर उद्या सकाळपासून त्या तीन पळसांखाली टमरेलांची रांग लागली असती. सगळे तिच्याकडे बघत होते.

"मीच म्हटलं त्यायले, म्हशीच्या शिंगाले बांधा म्हणून," रुखमिणी म्हणाली. "भुरी पंधरा दिवसांत तीनदा हरवली. आता घरबसल्या दिसते कोठी हाय ते. मीच भुलली बाप्पा, ठिपका पाण्यात पाहून, भेवानं." मग तिनं गाठोडं देवाजीच्या काखेतून काढून स्वतःच्या चिखलाच्या पदराखाली घेतलं. "अन् यायचं पोट तं तुमाले मालूमच हाय."

गावाला मालूम होतं. सगळ्यांनी देवाजीकडे जुन्या सहानुभूतीनं पाहिलं आणि म्हैस शोधायच्या या सोयीचं कौतुक करत पांगले. दुसऱ्या दिवशी घनश्यामनं आपला फोन आपल्या रेड्याला बांधला, आणि रेडा त्याच दिवशी भंडाऱ्याच्या रस्त्याला लागला, पण ते वेगळं.

घरी आल्यावर रुखमिणी सात्या धुवायला बसली. देवाजी समोर बसला. मग त्यानं विचारलं, आसगावच्या भावानं पाठवल्या होत्या त्या कुठल्या? ती म्हणाली, आसगावले यंदा निघाल्याच नाहीत. तिनं हे सात्या मोडता मोडता सांगितलं. उर्वशीनं फोन शिकवला त्या रात्री तिनं त्याचा ठिपका पाहिला होता, आणि मग श्रावणातल्या एका सकाळी तो ठिपका संडासाच्या विरुद्ध दिशेला दोन किलोमीटर गेलेला पाहून तिला आधी काळजी वाटली होती, नंतर तिथं जाऊन आल्यावर ती वाटेनाशी झाली.

"सत्तावीस वर्षं," देवाजी म्हणाला. त्याला रागवायचं होतं. पण तिचा उघडा पाय अजून चिखलानं भरलेलाच होता, आणि त्याला आठवलं की बापानं दिशा चुकवून सांगितली होती आणि आपण ती कोणाला चुकवूनसुद्धा सांगितली नव्हती. आपण आज खरंच तलावात असतो तर वारूळही तिथंच संपलं असतं. त्यानं भुरीच्या शिंगावरून सोडून आणलेला फोन पिशवीतून काढला, कामिनीनं दाखवलेल्या वाटेनं सेटिंगमध्ये गेला, उर्वशीनं चालू केलेलं ते बटन शोधलं. रुखमिणीचं नाव होतं. शेजारी, थांबवा. त्यानं बोट वर धरलं आणि तसंच मागे घेतलं.

"राहू दे," तो म्हणाला. "दिसू दे तुले."

रुखमिणीनं मान हलवली. भांड्यातलं पाणी बदललं. मग म्हणाली, "पण तुमी इतके वर्षं एकच वारूळ कशे पाहत राह्यले जी? दुसरं दिसलंच नाही तुमाले?"

"दुसरं कोणतं?"

"मोठं हाय. त्याच्याहून दुप्पट निघते."

देवाजी पुढे सरकला. कुठे, त्यानं विचारलं. पळसाच्या अलीकडे की पलीकडे? ओढ्याकडे? ती सात्या निवडत होती. त्यानं घाईघाईनं फोनमध्ये तिचा ठिपका शोधला, मागच्या आठवड्यात ती कुठं कुठं गेली ते बघायला. तिच्या नावाखाली लिहिलं होतं की यांनी ठिकाण दाखवणं थांबवलं आहे.

"कोणं शिकवलं तुले हे?"

"उर्वशीले फोन केला होता. दोन बटनं हायेत."

"दिशा तरी सांग."

तिनं तवा चुलीवर ठेवला, तेल सोडलं.

"फोनले विचारा तुमच्या," ती म्हणाली.

देवाजीनं खरंच विचारलं. तोंड जवळ नेऊन, हळू आवाजात, दोनदा. आत तीनशे एक्केचाळीस जण होते, आणि एकालाही ठाऊक नव्हतं.